फुलांच्या मागे लागलेले हेडमास्तर



“मोठेपणी तू कोण होणार?” हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक पाहुणा तुम्हांला विचारतो. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक अशी उत्तरेही ठरलेली असतात. पण तुमच्यापैकी एखाद्याने “मला फुले फार आवडतात, मी फुलांचेच काम करणार” असे सांगितले, तर? पाहुणे हसतील. आजी म्हणेल, “बाळा, फुले देवाला वाहावीत. पोटाला भाकरीच लागते.” आजीचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ती भाकरीसुद्धा फुलांतूनच येते, हे आजीला सांगायला हरकत नाही. ज्वारीचे कणीस म्हणजे शेकडो बारीक फुलांचा झुबका असतो. त्यातील प्रत्येक फुलात परागकण वेळेवर पोचले, तरच दाणा भरतो.

फुलात दाणा का भरतो, फळ का धरते आणि त्यात किड्यांचा काय संबंध, हे सांगणारे एक पुस्तक १७९३ साली बर्लिन शहरात छापले गेले. ते लिहिणारे गृहस्थ वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. ते एका शाळेचे हेडमास्तर होते. फुलांच्या नादापायी त्यांची नोकरी गेली आणि पुढे फुलांच्याच आधाराने त्यांनी पोट भरले. त्यांचे नाव ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल. आज त्यांची गोष्ट आणि त्यांचे शास्त्र, दोन्ही बरोबरच शिकू या.

डॉक्टरांनी दिलेले औषध

श्प्रेंगेल यांचा जन्म १७५० साली जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलानेही धर्मशास्त्राचाच अभ्यास केला, पण पुढे तो शिक्षकी पेशात शिरला. बर्लिनमध्ये काही वर्षे शिकवल्यावर १७८० मध्ये श्प्रेंगेल यांना स्पांडाऊ येथील शाळेत मुख्याध्यापकाची जागा मिळाली. स्पांडाऊ त्या वेळी बर्लिनजवळचे एक वेगळे लहान गाव होते. आज ते बर्लिन शहरातच सामावलेले आहे.

तिशीतले हेडमास्तर, कायमची नोकरी, गावात मान. आयुष्य सरळ चालले होते. पण मास्तरांची प्रकृती ठीक नसे. डोळ्यांचाही त्रास होता. एर्न्स्ट लुडविग हाइम नावाचे एक नामांकित डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. हाइम यांना स्वतःला वनस्पतींचा फार नाद. त्यांनी मास्तरांना सांगितले, की पुस्तकांत डोके घालून बसू नका, मोकळ्या हवेत हिंडा आणि झाडाझुडपांचा अभ्यास करा. हेच हाइम डॉक्टर लहानग्या अलेक्झांडर फॉन हुंबोल्टलाही वनस्पतींचे धडे देत असत. हा हुंबोल्ट पुढे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाला.

मास्तरांनी औषध मनापासून घेतले. शाळा सुटली, की ते गावाबाहेरच्या कुरणांत आणि ओढ्याकाठी हिंडू लागले.

पाकळीवरचे केस

१७८७ सालचा उन्हाळा. मास्तर एका रानजिरेनियमच्या फुलाकडे पाहत होते. फूल साधेच, पाच पाकळ्यांचे. भिंगातून पाहताना त्यांना पाकळीच्या तळाशी दोन्ही कडांवर बारीक, मऊ केस दिसले. तुम्ही-आम्ही म्हटले असते, “असतील केस!” मास्तरांनी विचारले, “हे केस कशासाठी?”

त्यांनी आणखी बारकाईने पाहिले. केसांच्या खालीच मकरंदाचे थेंब होते. मकरंद म्हणजे फुलातील गोड रस. पाऊस पडला, की पाण्याचे थेंब पाकळीवरून खाली ओघळणार आणि मकरंदात मिसळून तो पातळ होणार. पण मध्येच हे केस थेंबाला अडवून धरतात. कपाळावरचा घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून भुवया असतात, तसेच हे, अशी तुलना मास्तरांनी स्वतःच केली आहे.

आता पुढचा प्रश्न आला. मकरंद एवढा जपून ठेवायचा, तो कोणासाठी? त्या काळी मकरंदाबद्दल निरनिराळी मते होती. कोणी म्हणत, फुलातील कोवळ्या बीजाच्या पोषणासाठी तो असतो. मधमाशी येऊन तो पिते, म्हणजे ती चोरीच करते, असे पुष्कळांना वाटे. मास्तरांना मात्र शंका आली, की हा रस खरोखर पाहुण्यांसाठीच ठेवलेला असावा.

निळ्या फुलातील पिवळी कडी

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ओढ्याकाठचे एक इवलेसे निळे फूल पाहिले. त्या फुलाच्या मधोमध एक अरुंद नळी असते आणि तिच्या तळाशी मकरंद असतो. नळीच्या तोंडाभोवती पिवळ्या रंगाची कडी असते. आकाशी रंगावर पिवळी कडी अगदी उठून दिसते. मास्तरांच्या मनात आले, की ही कडी मकरंदाची वाट दाखवण्यासाठी तर नसेल?

मग त्यांनी डझनावारी फुले तपासली. जेथे पाकळ्यांवर ठिपके, रेघा किंवा वेगळ्या रंगाचे डाग होते, तेथे त्या खुणा मकरंदाच्या दाराकडेच नेत होत्या. त्यावरून त्यांनी अनुमान काढले. फुलाचा मोठा रंगीत भाग कीटकाला दुरून बोलावतो आणि जवळ आल्यावर लहान खूण त्याला नेमके दार दाखवते. खानावळीची मोठी पाटी रस्त्यावरून दिसते आणि आत शिरायचे दार बाणाने दाखवलेले असते, तसाच हा प्रकार. अशा खुणांना आपण मधुखुणा म्हणू.

मधुखुणा पाहायला जर्मनीला जायला नको. अंगणातील सदाफुली घ्या. पांढऱ्या सदाफुलीच्या मधोमध गुलाबी डोळा असतो. त्याच्या खाली नळी असते आणि नळीच्या तळाशी मकरंद. गोकर्णीच्या गर्द निळ्या फुलात मध्यभागी फिकट पिवळसर पट्टा असतो. गुलमोहराच्या चार पाकळ्या लालभडक, पण पाचवी पांढरट आणि लाल ठिपक्यांची असते. ही पाचवी पाकळी तुम्ही आजवर केवळ शोभेची समजत असाल. आता तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहा.

मास्तरांना एक गोष्ट कळणे मात्र शक्य नव्हते. पुष्कळ फुलांवर अशा मधुखुणा असतात, की त्या आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. मधमाशीला अतिनील किरण दिसतात, हे विसाव्या शतकातील प्रयोगांनी सिद्ध झाले. सूर्यफुलाची पाकळी आपल्याला टोकापासून तळापर्यंत एकसारखी पिवळी दिसते. अतिनील किरणांत तिचे छायाचित्र काढले, तर टोक उजळ आणि तळ काळसर दिसतो. म्हणजे मधमाशीला दिसणारे सूर्यफूल आपल्या सूर्यफुलाहून निराळे असते!

एकाच फुलात, पण एकाच वेळी नव्हे

तुम्ही पाठ्यपुस्तकात फुलाची आकृती काढली असेल. पुंकेसर परागकण तयार करतात. स्त्रीकेसराच्या टोकाला कुक्षी असते. परागकण कुक्षीवर पोचले, की बीज धरते. बहुतेक फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर शेजारीशेजारीच असतात. मग बाहेरच्या कोणाची गरज काय? पराग शेजारच्याच कुक्षीवर पडला, की काम झाले!

मास्तरांनाही हे कोडे पडले. १७९० मध्ये एका रानफुलाचे निरीक्षण करताना त्यांना उत्तर सापडले. त्या फुलात पुंकेसर आधी पिकत आणि पराग सांडून कोमेजून जात. तोवर कुक्षी मिटलेलीच असे. पुंकेसरांचे काम संपल्यावर कुक्षी उघडे. म्हणजे तेच फूल आधी नर आणि नंतर मादी! पुढे त्यांना याच्या उलट क्रमाचीही फुले मिळाली. त्यांत कुक्षी आधी तयार होई आणि पराग मागून येई.

या विषमकालिक पक्वतेचा अर्थ सरळ होता. अशा फुलाला स्वतःचा पराग स्वतःला वापरता येत नाही. तो कोणीतरी दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो. मधमाशी मकरंद प्यायला येते, तेव्हा तिच्या अंगाला पराग चिकटतो आणि ती पुढच्या फुलावर गेली, की तेथील कुक्षीला लागतो. मधमाशीला याची जाणीव नसते. तिला तिचा खाऊ मिळतो आणि फुलाचे काम होते. निसर्गाला फुलाने स्वतःच्याच परागाने फळावे असे वाटत नसावे, असा निष्कर्ष मास्तरांनी यावरून काढला.

याची उत्तम उदाहरणे आपल्याकडे आहेत. श्रावण-भाद्रपदात माळावर तेरडा फुलतो. गौरीच्या सणाला तो घरी येतो आणि “तेरड्याचा रंग तीन दिवस” ही म्हण तर तुम्हांला पाठच आहे. पण त्या थोड्या दिवसांतही त्याचे दोन भाग पडतात. नव्या फुलात पुंकेसर एकमेकांना चिकटून कुक्षीवर टोपीसारखे बसलेले असतात. तेव्हा फूल नर असते. मग ती टोपी गळून पडते, खालची कुक्षी उघडी होते आणि फूल मादी बनते. शेजारी-शेजारी उमललेल्या फुलांत काहींना टोपी दिसेल, काहींना नाही. एकदा हे माहीत झाले, की गौरीच्या तेरड्याकडे तुम्ही टोपी शोधल्याशिवाय पाहूच शकणार नाही.

सीताफळात क्रम उलटा असतो. तेथे फूल आधी मादी आणि नंतर नर असते. म्हणून काही बागायतदार नर अवस्थेतील फुलांचा पराग गोळा करतात आणि कुंचल्याने मादी अवस्थेतील फुलांना लावतात. त्यामुळे जास्त फळे धरतात आणि फळाचा आकारही चांगला येतो. श्प्रेंगेल मास्तरांचा शोध असा बाजारातल्या टोपलीपर्यंत पोचलेला आहे.

रात्रीची फुले आणि लबाड फुले

मास्तर रात्रीसुद्धा फुले पाहत. त्यांच्या लक्षात आले, की रात्री उमलणारी फुले सहसा मोठी, फिकट रंगाची असतात आणि त्यांवर मधुखुणा नसतात. अंधारात बारीक खुणा दिसणार कोणाला? तेथे पांढरा रंग आणि वास कामाला येतो. आपला निशिगंध आठवा. रातराणी तर डोळ्यांना दिसण्याआधी नाकालाच कळते. त्यांच्याकडे येणारे पाहुणे म्हणजे पतंग.

वाऱ्याच्या भरवशावर असलेली फुलेही त्यांनी वेगळी ओळखली. त्यांना रंग नाही, वास नाही, मकरंद नाही. पराग मात्र हलका आणि भरपूर. मका, ज्वारी, बाजरी यांच्या शेतात जाऊन पाहा, म्हणजे पटेल.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट त्यांनी नोंदवली. काही ऑर्किडच्या फुलांना मकरंद ठेवायची नळी असते, खुणाही असतात, पण नळी रिकामी! कीटक आशेने येतो, काही न मिळवता जातो आणि जाताना पराग घेऊन जातो. फूल कीटकाला चक्क फसवते, असे मास्तरांनी लिहिले. पुढे चार्ल्स डार्विन यांनासुद्धा हे पटेना. कीटक पिढ्यान्‌पिढ्या फसतील कसे, असे त्यांना वाटे. पण या बाबतीत मास्तरच बरोबर ठरले. ऑर्किडच्या सुमारे एक तृतीयांश जाती पाहुण्यांना काहीच देत नाहीत, असा आजचा अंदाज आहे.

एक प्रकार मात्र मास्तरांच्या नजरेस येणे शक्य नव्हते. युरोपात फुलांवरच जगणारे पक्षी नाहीत. आपल्याकडे फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर लालभडक फुलतात, तेव्हा त्यांवर मैना, बुलबुल, शिंजीर यांची जत्रा भरते. कीटकांबरोबर पक्षीही परागाची ने-आण करतात, हे तुम्ही शाळेच्या वाटेवर पाहू शकता. स्पांडाऊच्या हेडमास्तरांना ते भाग्य नव्हते.

पुस्तक आले आणि नोकरी गेली

सहा वर्षे अशी गेली. साडेचारशेहून अधिक जातींच्या फुलांची निरीक्षणे त्यांनी केली. १७९३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. निसर्गाने फुलांच्या रचनेत लपवलेले रहस्य आता उघड झाले आहे, अशा अर्थाचे त्याचे लांबलचक नाव होते. त्यात पंचवीस पानभर चित्रे होती आणि ती त्यांनी स्वतः काढलेल्या आकृत्यांवरून केलेली होती.

इकडे शाळेत काय चालले होते? पालक तक्रार करत होते, की हेडमास्तरांचे शाळेत लक्ष नाही. मुलांना ते फार कडक शिक्षा करतात, असेही म्हणणे होते. वरिष्ठांशी त्यांचे भांडण झाले होते. १७९४ मध्ये थोडे निवृत्तिवेतन देऊन त्यांना शाळेतून दूर करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते.

मित्रांनो, येथे जरा थांबून विचार करा. थोर शास्त्रज्ञाला अडाणी लोकांनी छळले, असे म्हणणे सोपे आहे. पण शाळेतल्या मुलांच्या बाजूनेही पाहायला हवे. त्यांना शिकवायची जबाबदारी मास्तरांनी घेतली होती आणि तिचा पगारही ते घेत होते. मन फुलांत आणि शरीर वर्गात, अशा ओढाताणीत मुलांचेही नुकसान झाले असेल आणि मास्तरांचेही. एखाद्या कामात मन राहिले नसेल, तर ते नीट आवरून दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि मग नव्या वाटेला लागावे. मास्तरांना हे स्वतःहून जमले नाही. ते दुसऱ्यांनी करवले.

रविवारची सहल

मास्तर बर्लिनला गेले. लग्न केलेले नव्हते. साधेपणाने राहू लागले. पोटासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. भाषांच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या शिकवण्या घेतल्या आणि रविवारी सकाळी लोकांना शहराबाहेर फुले पाहायला नेऊ लागले. या सहलीची फी माणशी तासाला दोन-तीन ग्रोशन असे. ग्रोशन म्हणजे त्या काळचे चिल्लर नाणे. जो माणूस फुलांमुळे हेडमास्तराच्या खुर्चीवरून खाली आला, तोच आता फुले दाखवून चार पैसे मिळवू लागला. कोणालाही बळजबरीने बसवलेले नसे. ज्याला आवड असेल, तो स्वतःहून पैसे देऊन येई.

पुस्तकाची स्थिती मात्र वाईट होती. फारसे कोणी ते वाचले नाही. दुसरा भाग लिहायचा बेत होता, तो कधी छापला गेला नाही. याला कारणे होती. त्या काळच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचे सारे लक्ष नवी झाडे शोधून त्यांना नावे देण्यात आणि त्यांचे वर्ग पाडण्यात होते. वाळवलेली, कागदावर डकवलेली फुले त्यांना पुरत. मास्तर म्हणत, की फूल पाहायचे तर ते जेथे उगवते तेथे, उन्हापावसात, तासन्‌तास पाहिले पाहिजे. शिवाय एक मोठा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. स्वतःचा पराग फुलाला वर्ज्य का असावा? दुसऱ्याच्या परागात विशेष काय? “निसर्गाची योजना” एवढेच उत्तर त्यांच्यापाशी होते.

तरी ते गप्प बसले नाहीत. १८११ मध्ये त्यांनी मधमाश्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. मध आणि मेण हा मधमाशीचा किरकोळ फायदा आहे, तिचा खरा उपकार म्हणजे पिकांना आणि फळझाडांना ती फळवते, असे त्यांनी त्यात मांडले. राजा जसे खडे सैन्य बाळगतो, तसे राज्याने मधमाश्यांचे सैन्यही बाळगावे, असा सल्लाही दिला. नेपोलियनच्या लढायांचा तो काळ. मधमाश्यांचे ऐकणार कोण? १८१६ साली श्प्रेंगेल मास्तर बर्लिनमध्ये वारले.

पंचवीस वर्षांनी

१८४१ साली लंडनमध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तरुण डार्विनला एक जुने जर्मन पुस्तक वाचायला सुचवले. ते आपल्या मास्तरांचेच पुस्तक होते. डार्विन यांना ते फार आवडले. त्यातील निरीक्षणे त्यांनी स्वतः तपासून पाहिली आणि ती बहुतेक खरी निघाली. मग मास्तरांचा अडलेला प्रश्न त्यांनी हाती घेतला. अकरा वर्षे त्यांनी सत्तावन्न जातींच्या वनस्पतींवर प्रयोग केले. काही फुलांना त्यांचाच पराग दिला, काहींना दुसऱ्या रोपाचा. दोन्ही बियांपासून आलेली रोपे शेजारीशेजारी वाढवली. १८७६ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला. बहुतेक जातींत परक्या परागापासून झालेली रोपे अधिक उंच, अधिक जोमदार आणि अधिक बिया देणारी होती.

अशा रीतीने कोडे सुटले. परपरागण करणाऱ्या फुलांची संतती सशक्त होते, म्हणून ती टिकते. हळूहळू ज्या रचनांमुळे परपरागण साधते, त्या रचना वाढत जातात. पाकळीवरच्या केसामागे मास्तरांना विधात्याची योजना दिसली होती. डार्विन यांनी तेथे नैसर्गिक निवड दाखवली. पण केस पाहिले ते मास्तरांनीच. निरीक्षण पक्के असेल, तर त्यावरचे स्पष्टीकरण बदलले तरी निरीक्षण टिकते, हा धडा येथे घेण्यासारखा आहे.

मधमाश्यांचे सैन्य बाळगण्याची कल्पनाही आता कोणाला हसण्याजोगी वाटत नाही. जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांचा एक आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८७ पिके कमी-अधिक प्रमाणात कीटक-पक्ष्यांच्या परागणावर अवलंबून असल्याचे त्यात दिसले. गहू, तांदूळ, मका ही पोटभरीची धान्ये त्यांत नाहीत. पण फळे, भोपळावर्गीय भाज्या आणि कित्येक तेलबिया आहेत. मधमाश्या नाहीशा झाल्या, तर जग उपाशी मरणार नाही, पण ताट फार ओकेबोके होईल.

आवडीचे काम कसे करावे?

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे वळू. फुलांची आवड असेल, तर तिचे काम होऊ शकते का? श्प्रेंगेल मास्तरांच्या काळी अशी वाट जवळजवळ नव्हती. आज ती आहे, आणि एकच नव्हे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत शेती आणि उद्यानविद्येचे शिक्षण मिळते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे फुलशेतीच्या संशोधनाचे संचालनालय पुण्यात आहे. मधमाश्यांवर संशोधन करणारी आणि मधमाशीपालन शिकवणारी केंद्रीय संस्था पुण्यातच १९६२ साली सुरू झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव तर २०२२ साली “मधाचे गाव” म्हणून जाहीर झाले. फुलांची शेती, रोपवाटिका, नव्या जाती तयार करणे, बियाणे-उत्पादन, रानफुलांचे सर्वेक्षण, असे कितीतरी प्रकारचे काम फुलांभोवती आहे. पहिली नोकरी सोडून चाळिशीत या कामाकडे वळणारी माणसेही असतात.

पण एक सांगितले पाहिजे. फूल सुंदर दिसते, एवढ्यावर हे काम चालत नाही. पहाटे उठावे लागते. चिखलात उभे राहावे लागते. एकच फूल शंभरदा मोजावे लागते. बाजारभाव पडला, तर तोडलेली फुले फेकावी लागतात. आवड खरी की वरवरची, याची परीक्षा येथे होते. ती परीक्षा देण्यासाठी नोकरी लागण्याची वाट पाहायला नको. पुढचे तीन प्रयोग करून पाहा.

करून पाहा

१. भोपळ्याची पिशवी. लाल भोपळ्याच्या वेलीवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो, त्यावरून ती ओळखता येते. उद्या उमलतील अशा सहा मादी कळ्या संध्याकाळी निवडा. चार कळ्यांना पातळ मलमलीच्या पिशव्या बांधा, दोन मोकळ्या ठेवा. सकाळी लवकर पिशवीतील दोन फुले उघडून त्यांच्या कुक्षीला नर फुलाचा पराग लावा आणि पिशव्या पुन्हा बांधा. उरलेल्या दोन पिशव्या उघडू नका. आठवड्याने कोणत्या फुलांची फळे वाढली, कोणती पिवळी पडून गळाली, ते लिहा. एकेका फुलावरून निष्कर्ष काढू नका. फळ इतर कारणांनीही गळते, म्हणूनच प्रत्येक प्रकारची दोन-दोन फुले घेतली आहेत. जास्त घेता आली, तर उत्तम.

२. सूर्यफुलाची वर्तुळे. सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे, तो शेकडो लहान फुलांचा समूह असतो. ही फुले बाहेरून आत, वर्तुळावर्तुळाने उमलतात. भिंगातून पाहा. एका वर्तुळात पराग बाहेर येताना दिसेल. त्याच्या बाहेरच्या वर्तुळात कुक्षीची दोन टोके वळलेली दिसतील. अगदी आत नुसत्या कळ्या असतील. आधी नर की आधी मादी, हे तुम्हीच ठरवा.

३. दहा मिनिटांचा पहारा. सदाफुली, तेरडा किंवा कोणत्याही फुलझाडापासून हातभर दूर बसा. दहा मिनिटांत कोण आले, कोणत्या फुलावर किती वेळ थांबले, तोंड कोठे घातले, याची नोंद करा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे सात दिवस करा. मधमाश्यांना हात लावू नका आणि पोळ्याजवळ मुळीच जाऊ नका.

विचार करा

१. पावसाची झड लागली, की काही फळझाडांना त्या वर्षी फळे कमी धरतात. यामागे परागणाशी संबंधित कोणती कारणे असू शकतील?

२. पारिजातक रात्री उमलतो. रात्रीच्या फुलांवर मधुखुणा नसतात, असे श्प्रेंगेल मास्तरांना आढळले. मग पारिजातकाच्या मधोमध केशरी रंग कसा? मास्तरांचा नियम चुकला, की त्याला अपवाद असतात? हे ठरवायला तुम्ही कोणती निरीक्षणे कराल?

३. मोगऱ्याच्या कळ्या आपण उमलण्याआधीच तोडतो. तरी मोगऱ्याची नवी झाडे कशी मिळतात?

उत्तरे आधी वहीत लिहा. मग फुलाकडे जाऊन ती तपासा.